पाच नंबरची जागा

बिरू,

कंपनीच्या कागदावर लिहिलंय की अपघाताच्या वेळी तू तुझी जागा सोडून गेला होतास. काल सकाळी तुझा दहावा झाला आणि दुपारी मला ऑफिसात बोलावून तो कागद वाचून दाखवला. खाली सही कर म्हणाले, साक्षीदार म्हणून. मी पेन हातात घेतलं आणि म्हणालो, साहेब, उद्या करतो, आणि पेन परत टेबलावर ठेवलं. 

जागा सोडून! आणि कोण, तर तू! मागच्या गड्यानं जागा सोडायची नसते, असं म्हणून ज्यानं आठ वर्षं माझं डोकं खाल्लं, त्याच्या नावापुढं हे लिहिलंय. त्या साहेबाला मी सांगणार होतो की तुम्हाला हा माणूस कळलेलाच नाही. पण तोंड उघडलं असतं तर पुढचंही बाहेर पडलं असतं, आणि त्या पुढच्याचीच मला भीती वाटते. म्हणून आधी तुला सांगतो. तुझ्याशी भांडायची सवय आहे, निदान सुरुवात तरी जमेल.

सुरुवात डेअरीपासूनच करावी लागणार.

आपण आठवीत होतो. तू, मी, दिल्या आणि नान्या, चौघं वस्तीवरून संध्याकाळचं दूध घेऊन इनामगावच्या डेअरीत जायचो. दूध घातलं की सरळ घरी यायचं, हा घरच्यांचा नियम. पण डेअरीच्या सचिवांनी क्रिकेटसाठी म्हणून तिथं रंगीत टीव्ही आणून ठेवला होता, आणि साडेपाचला त्याच्यावर जपानी फुटबॉलचं कार्टून लागायचं. पोरं बोलायची हिंदीत, ओठ हलायचे भलतेच. आपल्यातल्या एकानंही तोवर फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. शाळेत एक होता, पण त्यात हवा नव्हती, हवा भरायचा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली कुणालाच सापडत नव्हती. तरी महिन्याभरात आपण असे काही वाद घालायला लागलो की सचिव काट्यावरची मान वर न करता म्हणायचे, "त्या जपान्यांस्नी कळवा रं कुणीतरी, इनामगावात चार कोच मोकळं बसल्यात."

त्या पोरांची खरी नावं आपल्या जिभेला झेपेनात, म्हणून आपण त्यांचं बारसं केलं. नऊ नंबरचा भुऱ्या. तो गोल मारायला उडी घ्यायचा आणि हवेत एवढा वेळ लटकायचा की मध्ये जाहिराती येऊन जायच्या. आठ नंबरचा मास्तर, मधल्या फळीत खेळणारा, सारखा विचार करणारा. त्यांचा कोच ढेरपोट्या. आणि पाच नंबरचा मुका. मुका स्वीपर होता. सगळ्या बचावाच्याही मागं, गोलकीपरच्या जरा पुढं, एकटा उभा असायचा. एका भागात दोन शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी.

दिल्या आणि नान्या भुऱ्याच्या बाजूचे. ते साहजिक होतं, गोल तोच मारायचा. मी मास्तरचा. तू मुक्याचा, आणि अख्ख्या डेअरीत मुक्याचा तू एकटाच.

"त्यो कायच करत न्हाई," मी म्हणायचो. "अकरा गडी हायती, त्यातला एक नुसता हुबा. त्याला पुढं घाल, मंग बघ कसा गोल व्हतो."

"त्यो हुबा हाय म्हणून बाकीचे पळत्यात," तू म्हणायचास.

"पण गोल कवा मारनार?"

"त्याचं काम गोल मारायचं न्हाई. कोण कुठं हाय ते बघायचं."

"मंग त्याला झाडाखाली बशीव की, बघंल तिथनं."

तू चिडायचा नाहीस, हाच तुझ्याशी भांडण्यातला मोठा वैताग होता. तुमच्या बांधाला जुनी खापरं निघायची. पूर्वी पुण्याहून संशोधक माणसं येऊन तसली खापरं पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावून न्यायची, असं तुझे आजोबा, आबा, सांगायचे. आपण त्यांचे गडी केले. नक्षीचं खापर भुऱ्या, जाड काठाचं खापर मास्तर. मुक्यासाठी तू एक साधं, काळपट, कसलंच चित्र नसलेलं खापर निवडलं होतंस. रविवारी सकाळी बांधावर काडीनं मैदान आखायचं आणि आठवड्याभराच्या सगळ्या मॅचेस परत खेळायच्या. ऑफसाइड कुणालाच कळत नव्हतं, ते तू आम्हाला मेंढरांवरून शिकवलंस. समोरच्यांचा शेवटचा गडी म्हणजे आपली मेंढरं कोंडायची जाळी, मेंढरानं जाळीच्या बाहेर आधीच जाऊन उभं राहायचं आणि मग चारा मागायचा, हे चालायचं नाही. पुढं कंपनीत रामलखन भेटला. त्याच्या गावी खरोखरचं फुटबॉल खेळतात. त्यानं आपल्याला खरा नियम सांगितला, तेव्हा तो तुझ्या मेंढरांच्या नियमाशी जवळजवळ जुळला, आणि त्या दिवशी तू मला कॅन्टीनमध्ये जेवू दिलं नाहीस.

मग त्या वर्षी उसात बिबट्या आला.

आधी कुत्री जायला लागली. मग दिल्याची शेळी गेली, दावं तसंच खुंट्याला. आपली वाट दीड मैलाची, त्यातली मैलभर दोन्ही अंगांना ऊस. साडेपाचचा भाग संपवून निघेपर्यंत थंडीत दिवस बुडालेला असायचा. घरचे म्हणाले, टीव्ही बंद, दूध घालून उजेडात या. आपण हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी परत बसलो. मला वाटतं, चौघांपैकी एकजण जरी म्हणाला असता की मला भीती वाटते, तर ते कार्टून तिथंच सुटलं असतं. पण तसं म्हणायचं कुणी? मग आपण काय केलं, तर फॉर्मेशन लावली.

एक पुढं, दोन मध्ये, एक मागं. रिकाम्या किटल्या वाजवत जायचं. आता कोण कुठं, यावर डेअरीच्या पायरीवर जो वाद झाला, तसा कार्टूनवरही कधी झाला नव्हता. मी मधली जागा धरून बसलो. मास्तर मध्ये असतो, सगळा खेळ मधनं चालतो, मधला माणूस हुशार लागतो, असं काय काय बोललो. बिरू, त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बिबट्या मागच्याला उचलतो, असं मी ऐकलं होतं. माझं सगळं फुटबॉलचं ज्ञान त्या एका भीतीतून आलेलं आहे. मागच्या गड्याला काही किंमत नाही, असं मी आठ वर्षं का म्हणत होतो? मला कुणी मागं उभं करू नये म्हणून.

मागं तू गेलास. आणि तूच तो आवाज आणलास. आबांच्या तरुणपणी तुमचा वाडा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. चालणारा वाडा कसला, हे मी आबांना विचारलं तेव्हा ते दात नसलेलं तोंड उघडून हसले होते. "मानसं, घोडी, मेंढरं, कोंबड्या, समदं चालतं त्यो वाडा," म्हणाले. घाटात पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागचा गडी शेवटचं मेंढरू पुढं काढायचा, वळून मागं नजर टाकायचा आणि मग आवाज द्यायचा, मागं कोण न्हाई. तो आवाज आल्याशिवाय पुढचा माणूस हलायचा नाही. आणि वळून न बघता आवाज देणाऱ्याला परत कधी मागं ठेवायचे नाहीत.

तेच आपण उसात केलं. पुढनं दिल्या "चला?" म्हणून ओरडायचा, मागनं तुझा आवाज यायचा, "मागं कोण न्हाई!" आणि माझा अडकलेला श्वास सुटायचा.

मग नान्यानं काढलं की पाळी लावा, एकट्या बिऱ्यालाच मागं का. चार दिवसांनी माझी पाळी आली. मी मागं राहिलो. पहिली वीस-तीस पावलं गेली. डाव्या हाताच्या उसात पाचट वाजलं. उंदीर असेल, वारा असेल, मला माहीत नाही. मी किटली टाकली आणि तुम्हा तिघांना ओलांडून पळालो, थेट कॅनॉलपर्यंत. तिथं उभा राहून धापा टाकत होतो तेव्हा मागनं तुझा आवाज आला, रोजच्यासारखा, घाई नसलेला, "मागं कोण न्हाई." तू माझी किटली उचलून आणली होतीस.

दिल्या-नान्या हसायच्या आत तू म्हणालास, "ह्या पाळ्या बंद. स्वीपर रोज बदलत्यात व्हय कुठं? त्या ढेरपोट्यानं तरी बदलला का कवा? आजपस्नं मागं मीच." झालं, तो फुटबॉलचा नियम झाला. माझ्या भित्रेपणाची गोष्ट त्या वाटेवर पुन्हा कधी निघाली नाही. तू ती अशी झाकलीस की मलाही काही दिवस वाटत राहिलं, खरंच फॉर्मेशनचाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी उजेडी आपण त्याच वाटेनं शाळेला निघालो होतो. उसाला पाणी दिलेलं, वाट ओली. आपल्या चौघांची पावलं तशीच उठलेली. सगळ्यात मागं तुझी, आणि तुझ्या पावलांवर पडलेले दुसरे ठसे. गोल, मोठे, नखांच्या खुणा नसलेले, कुत्र्याचे नव्हेत. तू पुढं जाऊन ते पायानं पुसलेस आणि आम्हाला म्हणालास, चिखल हाय, बांधावरनं चला. बिरू, मी ते आधीच पाहिले होते. हे तुला मी कधी सांगितलं नाही. मी पाहिले आणि संध्याकाळी परत गुपचूप मधल्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

मोठं भांडण मात्र राहूनच गेलं. फायनल मॅच, शेवटून दुसरा भाग. एका गोलनं मागं, पाच मिनिटं बाकी, आणि ढेरपोट्यानं मुक्याला हात करून पुढं जा म्हटलं. मुका निघाला. त्याच्या मागं सगळं मैदान मोकळं. आणि तिथं तो भाग संपला. मी डेअरीत नाचलो. बघा, शेवटी कोचलाही पटलं! तू म्हणालास, "चुकला ढेरपोट्या. आता मागं कोन बघनार?" दुसऱ्या दिवशी सव्वापाचला लाईट गेली. भारनियमन. आपण सात वाजेपर्यंत काळ्या टीव्हीसमोर बसलो. मुक्यानं गोल मारला, की मोकळ्या मैदानातून समोरच्यांनी मारला, हे आपल्याला कधीच कळलं नाही.

त्यावर आपण आठ वर्षं भांडलो. दिल्या मिलिटरीत गेला, नान्या पुण्यात टेम्पोवर लागला, बिबट्याला पिंजरा लावून नेलं, मग दुसरा आला. आपण दोघं कुरकुंभला एकाच औषधाच्या कंपनीत, एकाच कंत्राटदाराकडं, एकाच शेडमध्ये चिकटलो, तरी वाद तोच. दौंडला बस बदलताना वडापावच्या गाड्यावर तू पाव मांडून मला बचाव समजावायचास. रामलखन म्हणायचा, "अरे भाई, स्वीपर तो पुराना हो गया, अब कोई नहीं रखता." तू म्हणायचास, "तेरा गाव जीता क्या कभी उसके बिना?" तो हसून हात जोडायचा.

आणि महिन्यापूर्वीचीच गोष्ट. बस भांडगावला थांबली होती. मी तुला सहज विचारलं, उसात मागं चालताना तुला खरंच भीती वाटत नव्हती का? मला वाटलं तू हसशील. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "लय वाटायची. मुतायला व्हायचं मला. पण पुढं असलं की कोनच दिसत न्हाई रं. मागं असलं की तुमी तिघं दिसायचा. तिघं दिसलं की जरा बरं वाटायचं."

बोलायला हवं होतं. मी फक्त म्हणालो, सरक जरा, पाय आखडलेत.

आता ते सांगतो.

दुसरी पाळी होती. तू सेंट्रिफ्यूजवर, मोठ्या दरवाजाजवळ. मी आत, पार्टिशनच्या पलीकडं, ड्रायरवर. साडेपाच वाजायला आले होते. वरच्या गॅसच्या पाइपाच्या सांध्यातून फुसफुस ऐकू आली. नुसती फुसफुस, उसात पाचट वाजावं तेवढीच. सायरन व्हायचा होता, वासही आला नव्हता. मी बेल दाबायला हवी होती, पार्टिशनवर हात मारून तुला हाक द्यायला हवी होती. मी ड्रमवाल्या मागच्या दारानं पळालो.

शेडला वळसा घालून येईस्तोवर सायरन झाला होता. सगळे मोठ्या दरवाजातून बाहेर येऊन झाडाखालच्या जागेवर जमले होते, आणि मी सगळ्यांच्या मागून पोचलो. बघणाऱ्याला वाटलं, आतून शेवटी बाहेर पडला तो हाच. हजेरीचं रजिस्टर आत टेबलावर राहिलेलं. शिफ्टचे साहेब ओरडले, "सगळे आले का? मागं कोण राहिलंय का?" आणि बिरू, माझ्या तोंडातून आवाज निघाला. तो मी ठरवून दिला नाही. आठ वर्षं तो आवाज ऐकला की माझा श्वास सुटायचा, आणि त्या क्षणी मला श्वास हवा होता.

"मागं कोण न्हाई!"

मी वळून बघितलं नव्हतं.

साहेबांनी मान डोलावली. कुणी आत गेलं नाही. किती वेळ गेला, ते कागदावर लिहिलंय, पण साहेब तो आकडा वाचायला लागले तेव्हा मी खोकलो. मग रामलखननं माझा दंड धरला. "संतोष, बिरू किधर है?" मी झाडाखालची तोंडं बघितली. पुन्हा बघितली. मास्क लावून दोघं आत गेले. तू सेंट्रिफ्यूजपाशी नव्हतास, दरवाजापाशी नव्हतास. तू माझ्या ड्रायरपाशी सापडलास.

कागदावर म्हटलंय, "नेमून दिलेली जागा कारण नसताना सोडून." कारण त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. सगळी माणसं तुझ्यासमोरून दरवाजाबाहेर गेली आणि तू मोजत राहिलास, आणि एकजण दिसेना. मी दिसेना. मागं वळून बघायचं काम तू केलंस, जे मी बाहेर उभा राहून केल्याचं खोटं सांगत होतो.

अकरा दिवस मला एकच भीती खातेय. नोकरीची नाही, पोलिसांची नाही. शेडची भिंत पत्र्याची आहे. मी बाहेर ओरडलो ते तुला आत ऐकू आलं का? ऐकलं असतंस तर मी बाहेर आहे हे तुला कळलं असतं, तू बाहेर आला असतास. म्हणजे ऐकलं नसशील. असं मी स्वतःला सांगतो, मग घास खाली उतरतो. आणि लगेच दुसरं मनात येतं. की ऐकलंस, माझा आवाज ओळखलास, पण तोवर पायात बळ राहिलं नव्हतं? तेव्हा तुला काय वाटलं असेल, तिथपर्यंत मी जातो आणि माघारी फिरतो. परवा आईनं मागच्या खोलीतून हाक मारली तर मी किंचाळलो. आता माझ्या पाठीमागं कुणी उभं राहिलेलं मला चालत नाही.

तिसऱ्या दिवशी आबांनी मला जवळ बसवलं होतं. रडत नव्हते. बराच वेळ माझा हात हातात धरून म्हणाले, "का रं संतू, तिथं कंपनीत आवाज द्यायची पद्धत न्हाई व्हय? मागं कोण हाय न्हाई, कोन बघतं?" मी म्हणालो, "रजिस्टर असतं, आबा." आबा म्हणाले, "रजिस्टराला डोळं असत्यात व्हय?" मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो तो तसाच घरी आलो. काल दहाव्यालाही मी त्यांच्यापासून लांब उभा होतो.

आज त्यांना सांगणार आहे. दिवस मावळायला आलाय. वाट तीच, उसातली. नवीन बिबट्या आहे म्हणतात.

जाऊन आलो, बिरू. 

आबा वाघरीपाशी, मेंढरांच्या जाळीपाशी बसले होते. चार शेळ्या आणि तीन मेंढरं, एवढाच आता तुमचा वाडा. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, फुसफुशीपासून. मागचं दार, साहेबांचा प्रश्न, माझा आवाज. तू कुठं सापडलास आणि का. सांगताना मला वाटत होतं की काठी बसेल, आणि बसली असती तर बरं झालं असतं.

आबा म्हणाले, "वळून बघितलं न्हाईस?"

"न्हाई, आबा."

"भ्यालास?"

"व्हय."

एवढंच. मग एक शेळी खोकली, आबा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या गालावरनं पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. मी त्या कागदाचं सांगितलं. सही करणार नाही, उद्या माझं मी लिहून देणार, तो मला शोधायला आत गेला होता, असं. आबा म्हणाले, "नोकरी जाईल तुझी." मी म्हणालो, जाऊ दे. "आन् लोक काय म्हंत्याल?" मी म्हणालो, जे आहे तेच म्हणतील.

ते काठी टेकून उठले. "चल. वाटंला लावतो. अंधार पडतोय." मी नको नको म्हणालो. म्हातारा माणूस, त्यात बिबट्याची वाट. "व्हय पुढं," म्हणाले.

मी पुढं, आबा मागं. दोन्ही अंगांना ऊस, त्यातून आता फक्त वरचा उजेड. एवढ्या वर्षांत त्या वाटेवर मी कधी सगळ्यांच्या पुढं चाललो नव्हतो. तू म्हणालास ते खरं आहे, पुढं असलं की कोणीच दिसत नाही. मागं काठीचा आवाज येत होता. तो थांबला की माझे पाय थांबायचे. पाचट वाजत होतं, डावीकडं, मग उजवीकडं. माझी मान वळायला तयार नव्हती. बिबट्याला भ्यालो असतो तर वेगळं. मला भीती ही होती की वळलो तर आबांच्याही मागं तू उभा असशील, माझ्याकडं बघत.

ऊस संपला. कॅनॉल आला, जिथं मी तेव्हा पळून येऊन थांबलो होतो. मी थांबलो आणि मागनं आवाज येण्याची वाट बघू लागलो. तो येईना.

"आबा?"

"आवाज तू दे," आबा म्हणाले.

मी समोर कॅनॉलकडं बघत तोंड उघडलं, "मागं..." आणि आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"आधी बघ. बघून सांग."

मी वळलो, बिरू. आबा उभे होते, डोक्यावरचं मुंडासं सैल झालेलं. त्यांच्या मागं वाट होती. आधी मी एवढंच बघितलं आणि डोळे मिटणार होतो, पण आबा माझ्याकडं बघत होते, म्हणून उघडे ठेवले. मग डावीकडचा ऊस बघितला, उजवीकडचा बघितला, मधली ओली वाट पार वस्तीच्या वळणापर्यंत बघितली. तू जसा बघायचास तसं, एकेक करून, घाई न करता. कुठं एखादी किटली पडली आहे का, तेसुद्धा बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग मी आवाज दिला. तो तुझ्यासारखा मोठा नाही निघाला, पण आबांना ऐकू गेला.

"मागं कोण न्हाई, आबा."

या वेळी ते खरं होतं.